रत्नागिरी : पर्यटनाची वाट आणि गावातले गाणे

रत्नागिरीला येणारा पर्यटक बहुतेक वेळा गणपतीपुळ्याच्या दर्शनासाठी, समुद्रासाठी आणि हंगाम असेल तर हापूससाठी येतो. हॉटेले, घरगुती निवास, खानावळी, रिक्षा आणि आंब्याच्या पेट्यांची दुकाने याच तीन आकर्षणांच्या आधाराने वाढली. अलीकडच्या काळात मात्र जानेवारीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात भरणाऱ्या संगीत महोत्सवाला बाहेरगावचे रसिकही येऊ लागले असून, पर्यटनस्थळ म्हणून रत्नागिरीची ओळख सांगताना गाण्याचाही उल्लेख होऊ लागला आहे. हा बदल समजून घेण्यासाठी शहराच्या पर्यटनाचा आणि तिथल्या संगीतप्रेमाचा इतिहास एकत्र पाहायला हवा, कारण बराच काळ या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नव्हता.

रत्नागिरीच्या इतिहासातली निर्णायक गोष्ट म्हणजे तिची दुर्गमता. पूर्वेला सह्याद्री, उत्तर-दक्षिणेला एकामागून एक खाड्या आणि पश्चिमेला पावसाळ्यात बंद होणारा समुद्र, अशा जागी ठेवलेला माणूस सहज निसटू शकत नाही आणि त्याला भेटायलाही कोणी सहज पोहोचत नाही, हे इंग्रज सरकारने ओळखले होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात पराभूत झालेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा प्रथम मद्रासला आणि १८८६ मध्ये राणी व मुलींसह रत्नागिरीला आणला गेला, तो याच कारणाने. दोन तपांहून अधिक काळ बंगल्यांतून राहिल्यावर १९१० मध्ये तो त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली आणि तिच्यापुढे नतमस्तक होण्यासाठी डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या शहरात आले होते.

राजवाडा आज राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे असून त्यात वस्तुसंग्रहालय आहे. तांबूस रंगाच्या भिंती, उतरती छपरे, खिडक्यांवरच्या अर्धवर्तुळाकार लाकडी कमानींतले नक्षीकाम, संगमरवरी फरशीचे नृत्यदालन आणि मागच्या बाजूची बुद्धमूर्ती हे सारे पाहायला तास-दीड तास पुरतो. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, राजिवडा आणि दीपगृहापर्यंतचा समुद्र एका नजरेत येतो. ज्या इमारतीत एका राजाने परमुलुखात शेवटची वर्षे काढली, तिथे उभे राहताना तिची गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. नुसती छायाचित्रे काढून परतणाऱ्या पाहुण्याच्या हाती फारच थोडे लागते, असे मला मनापासून वाटते.

अशाच कारणाने रत्नागिरीत राहावे लागलेली दुसरी व्यक्ती म्हणजे विनायक दामोदर सावरकर. अंदमानातून १९२१ मध्ये आणल्यावर काही काळ ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि जानेवारी १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. तुरुंगातली त्यांची कोठडी आणि भागोजीशेठ कीर यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर ही दोन्ही ठिकाणे आज पर्यटकांच्या यादीत असतात. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र या यादीत सहसा सापडत नाही. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी संगीत नाटके लिहिली आणि त्यांपैकी ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातले ‘शत जन्म शोधितांना’ हे पद आजही मैफलींत मागणी करून गायले जाते. शब्द रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या लेखकाचे, चाल मूळच्या सावंतवाडी परिसरातल्या रामकृष्णबुवा वझे यांची आणि गळा गोव्यातल्या मंगेशीच्या दीनानाथांचा, असा अख्ख्या किनाऱ्याचा मेळ त्या एका पदात झाला आहे. रत्नागिरीला नाट्यसंगीत का जवळचे वाटते, याचे एवढे बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

अर्थात इथले गाणे नाट्यसंगीतापासून सुरू होत नाही. गणपतीत घरोघरच्या आरत्या आणि भजने, शिमग्यात पालखीपुढचा ढोल आणि ताशा, नमन-खेळे या लोकनाट्यातली गवळण आणि संकासुर यांवर इथला कान घडतो. जाखडी या कोकणी लोकनृत्यात गाणारे बुवा आणि वादक मध्ये बसतात, पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात आणि शक्तीवाले व तुरेवाले हे दोन प्रतिस्पर्धी पक्ष एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. समोरच्या बुवाने टाकलेला पेच सुटला की नाही, हे ऐकणाऱ्यांना नेमके कळते, कारण ही पदे आणि त्यांतले पुराणातले संदर्भ त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असतात. कोकणातला श्रोता चोखंदळ म्हणून ओळखला जातो, त्याचे मूळ मला या अंगणातल्या परीक्षेत दिसते.

शहरात या श्रोत्याला स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहाचे हक्काचे व्यासपीठ मिळाले. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी संगीत नाट्य स्पर्धा अनेक वर्षे इथे झाली आहे आणि बहुतेक शहरांत संगीत नाटकाचा प्रयोग दुर्मीळ झालेला असताना रत्नागिरीकरांनी एकापाठोपाठ एक संगीत नाटके पाहिली आहेत. खल्वायन या संस्थेने संगीत नाटके बसवली आणि मासिक संगीत सभांचा परिपाठ ठेवला. दर महिन्याला गायक, साथीदार, ध्वनिव्यवस्था आणि बैठक यांची जमवाजमव करणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे ज्याने एखादी मैफल घडवून आणली आहे त्याला सांगावे लागत नाही. वर्षारंभीच्या कीर्तनसंध्येत चारुदत्त आफळे यांची कीर्तने ऐकायलाही मोठा श्रोतृवर्ग लोटतो. यांपैकी कोणताही उपक्रम पर्यटकांसाठी सुरू झालेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पर्यटनाची वाढ मात्र प्रवासाच्या सोयींच्या मागोमाग झाली. एके काळी मुंबईहून येणारी आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राहायची आणि उतारूंना होडीतून धक्क्यावर यावे लागायचे. पावसाळ्यात तर ही वाहतूक थांबायचीच. पुढे एसटी आणि महामार्गाने गावे जोडली, तरी मुंबईचा प्रवास रात्रभराचाच राहिला. त्या काळात येणारा मुख्यतः चाकरमानी असे, गणपती, शिमगा किंवा मे महिना साधून घरी येणारा, आणि त्याला निवासाची वा मार्गदर्शकाची गरज नव्हती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने गणपतीपुळ्याला समुद्रालगत निवासव्यवस्था उभारली आणि देवदर्शनाला मुक्कामाची जोड मिळाली.

खरा पालट कोकण रेल्वेने घडवला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. या मार्गावरचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि सुमारे ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल ही दोन्ही अवघड कामे रत्नागिरीच्या आसपासचीच आहेत, यावरून ही भूमी इतकी वर्षे दूर का राहिली हे समजते. कुवारबावच्या रत्नागिरी स्थानकावर सकाळी उतरून दुपारपर्यंत पुळ्याला पोहोचणारा पर्यटक हा रेल्वेचा पाहुणा आहे. दरम्यान, १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि शासकीय योजनांचे लक्ष काही काळ तिकडे अधिक राहिले. रत्नागिरी शहर बरेचदा पुळे आणि मालवण यांच्या मधला थांबा ठरले. रत्नदुर्ग, भगवती मंदिर, भाट्ये, मांडवी, झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा, टिळकांचे जन्मघर हे सारे एका दिवसात उरकून लोक पुढे जात.

शहरात रात्रीचा मुक्काम करायला कारण हवे होते, आणि ते आर्ट सर्कल या स्थानिक संस्थेच्या महोत्सवाने दिले. राजवाड्याच्या मोकळ्या प्रांगणात, मागे उजळलेली वास्तू आणि समोर शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्य, अशी ही मांडणी आहे. जानेवारीत पाऊस नसतो, रात्री सुखद गारवा असतो, आंब्याची गर्दी अजून दूर असते आणि एरवी संध्याकाळी बंद होणारी वास्तू त्या दिवसांत रात्रीही जागी असते. पर्यटनस्थळ आणि संगीत यांची इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गाठ पडली. ती टिकली याचे श्रेय मी आधीच्या श्रोत्यांना देईन. नामवंत कलाकार एखाद्या वर्षी मानधनावर आणता येतो, पण संथ लयीतला विलंबित ख्याल शांतपणे ऐकणारे मैदानभर लोक त्या आठवड्यापुरते जमवता येत नाहीत. ते मासिक सभांनी, कीर्तनांनी आणि नाट्यस्पर्धांनी आधीच तयार करून ठेवले होते.

अलीकडे कातळशिल्पांनी, म्हणजे जांभ्या खडकावर कोरलेल्या प्राचीन चित्रांनी, जिल्ह्याच्या पर्यटनाला आणखी एक दिशा दिली आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू इथल्या सड्यांवरची (खडकाळ पठारांवरची) शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली आणि कशेळीचा सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. या पाहुण्याचा मुक्काम शहरात पडतो, त्याच्या संध्याकाळी मोकळ्या असतात आणि नेमक्या त्याच संध्याकाळी कुठेतरी एखादी सभा, भजनाची बारी किंवा नाटकाची तालीम चालू असते. पण हॉटेलच्या स्वागतकक्षात समुद्रकिनाऱ्यांचा नकाशा मिळतो, महिन्याभरातल्या मैफलींचे वेळापत्रक मिळत नाही. नाट्यगृह, गाणाऱ्या संस्था आणि निवासव्यवस्था चालवणारे यांनी असे एक पत्रक महिन्याच्या सुरुवातीला काढायला फारसा खर्च येणार नाही, आणि सभांना लागणारी देणगी व तिकिटांची रक्कमही त्यातून वाढू शकेल.