पार्श्वभूमी : मंडळी वेगळी होते तेव्हा चर्चची मिळकत कोणाकडे राहते?

एखादी मंडळी आपल्या पंथातून बाहेर पडली, की ज्या वास्तूत ती पिढ्यान्‌पिढ्या उपासना करत आली ती वास्तू कोणाची, हा वाद मुंबईला नवा नाही. १८४३ साली स्कॉटलंडमधील चर्चमध्ये फूट पडली तेव्हा मुंबईतील मिशनरी नव्या पंथाबरोबर गेले, पण त्यांनी उभी केलेली शाळेची इमारत जुन्याच पंथाकडे राहिली. पुढे दहा वर्षांनी, मार्च १८५३ मध्ये, माहीमच्या सेंट मायकल या कॅथलिक चर्चमधील भाविक रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांना सोडून पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारक्षेत्राकडे जाऊ लागले, तेव्हा रोमने नेमलेल्या बिशपांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले होते. शेवटी सरकारी हस्तक्षेपानंतर चर्च पोर्तुगीज पक्षाच्या हाती गेले. ताबा कोणाकडे, याचे उत्तर त्या काळी दंडाधिकारी देत असे. आज ते धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत शोधावे लागते.

या बदलाचे मूळ मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये आहे. चर्च, त्याचे आवार, पाळकांचे निवासस्थान आणि बँकेतील ठेवी ही सर्व नोंदणीकृत न्यासाची मिळकत ठरली आणि विश्वस्त बदलले तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज देणे बंधनकारक झाले. स्थावर मिळकत विकायची असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकत्रित चर्च स्थापन झाले तेव्हा हा कायदा लागू होऊन वीस वर्षे होत आली होती. तरीही उपासनेची पद्धत, बाप्तिस्मा आणि बिशपपद यांवर वर्षानुवर्षे चर्चा करणाऱ्यांनी मिळकतीचा प्रश्न बव्हंशी ठरावांच्या भरवशावर सोडला, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

त्या ठरावांची कायदेशीर किंमत किती, हे ठरले ते गुजरातमधील एका घटक पंथाच्या प्रकरणात. गुजरात पूर्वी मुंबई राज्याचा भाग असल्याने तेथेही हाच कायदा लागू होता. एकत्रित चर्चने दिवाणी न्यायालयात जाऊन मिळकत आपली असल्याचे जाहीर करून मागितले, पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यासाच्या मिळकतीचा असा प्रश्न धर्मादाय यंत्रणेपुढेच सुटला पाहिजे, दिवाणी न्यायालयाला तेथे अधिकार नाही. त्यानंतर २०१३ साली, बदल अर्जांच्या वाटेने वर आलेल्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने विलीनीकरणालाच कायदेशीर मान्यता नाकारली. विलीनीकरणाचा ठराव झाला असला, तरी जुनी संस्था सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० मधील तरतुदींप्रमाणे विसर्जित झालेली नव्हती. त्या कायद्यात विसर्जनासाठी किमान तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. न्यासांचे एकत्रीकरण करण्याची वाट १९५० च्या कायद्याच्या कलम ५०अ मध्ये आहे, पण तेथे योजना आखण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांचा आहे, चर्चच्या परिषदेचा नाही. त्यामुळे १९७० मध्ये एक झालेल्या चर्चचा एक घटक मिळकतीपुरता तरी कधी एक झालाच नव्हता, असा अर्थ निघाला.

या निर्णयाचा आधार बाहेर पडू पाहणारी प्रत्येक मंडळी घेते, आणि तेथेच घोटाळा होतो. न्यायालयाने जुन्या न्यासाचे हक्क राखले. बाहेर पडणाऱ्या सभासदांना मिळकत बहाल केली नाही. ज्या मंडळीचा स्वतःचा नोंदणीकृत न्यास १९७० पूर्वीपासून आहे, तिची बाजू या निर्णयाने भक्कम होते. ज्या चर्चची जमीन बिशपच्या क्षेत्राच्या न्यासाच्या नावावर आहे, तेथील सभासदांनी एकमताने पंथ सोडला तरी त्यांच्या हाती सभासदवहीपलीकडे फारसे काही येत नाही, मग छप्पर आणि बाकडी त्यांच्याच आजोबांच्या वर्गणीतून आलेली का असेनात. हे कायद्याला धरून असले तरी न्याय्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

स्कॉटलंडमध्ये अशाच पेचात १९०४ साली ब्रिटिश उमरावसभेने विलीनीकरण नाकारणाऱ्या मूठभर लोकांना सारी मिळकत दिली होती, पण पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तिची नव्याने वाटणी केली. आपल्याकडे १९७० च्या विलीनीकरणासाठी असा कायदा झाला नाही, त्यामुळे प्रत्येक चर्चचा वाद सुटा लढवला जातो.

मुंबईत त्यात जमिनीच्या भावाची भर पडते. गिरगाव किंवा भायखळ्यासारख्या भागातील आवारात पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, की मिळकत पत्रिका काढली जाते, आणि तिच्यावर कधीच्या काळी देश सोडून गेलेल्या मिशनचेच नाव निघू शकते. मग एकाच मंडळीच्या दोन कमिट्या उभ्या राहतात, दोघी आपापली निवडणूक घेतात आणि दोघी बदल अर्ज दाखल करतात. अर्जांचा निकाल लागेपर्यंत नोंदवहीत जुन्याच विश्वस्तांची नावे राहतात, आणि त्यांपैकी कोणी हयात नसेल तर कलम ३६ खालील परवानगी मागायची कोणी, यावरच पुढील वाद सुरू होतो.