सोन्याचा वर्ख आणि शेवाळाचा पापुद्रा

सोन्याच्या वर्खात गुंडाळलेल्या स्टेकचे व्हिडिओ सतत समोर येतात आणि त्याखाली हमखास कुणीतरी लिहिलेलं असतं, की सोनं पोटात गेलं की त्वचा उजळते, अंगात ताकद येते. हे साफ खोटं आहे. सोनं जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही. त्याला आम्लराज लागतं, म्हणजे संहत नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण. वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. त्याला चवही नाही, कारण चव कळायची तर पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. युरोपातल्या खाद्यपदार्थांच्या यादीत सोन्याची नोंद ई-175 अशी आहे, आणि तीही फक्त रंग म्हणून.

जगातल्या महागड्या जेवणांमध्ये असा थाट बराच असतो. मालदीवमधल्या ‘इथा’ या रेस्तराँमध्ये समुद्रसपाटीखाली पाच मीटरवर, अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक कमानीखाली बसून जेवता येतं. ‘डिनर इन द स्काय’मध्ये क्रेनला टांगलेल्या टेबलावर पन्नास मीटर उंचीवर जेवण वाढतात. तिथे पाण्याचा उत्कलनबिंदू जेमतेम 0.2 अंश सेल्सिअसने उतरतो, म्हणजे स्वयंपाकात काहीच बदलत नाही. बदलतो तो फक्त देखावा. पण याच जगात एक जागा अशी होती, जिथे ताटातल्या पदार्थाच्या आतच विज्ञान घडत होतं. मला तिच्याबद्दल सांगायचं आहे.

स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर, रोझेस गावाजवळ ‘एल बुली’ नावाचं रेस्तराँ होतं. 2011 साली ते बंद झालं. तिथले शेफ फेरान आद्रिया यांनी 2003 मध्ये खरबुजाच्या रसाचे इवलेसे नारिंगी मणी पाहुण्यांसमोर ठेवले. दिसायला माशाच्या अंड्यांसारखे, पण दाताखाली फुटले की आत रस. पुढे 2005 मध्ये हिरव्या ऑलिव्हच्या रसाचंच ‘ऑलिव्ह’ आलं. या तंत्राला स्फेरिफिकेशन म्हणतात, आणि ते सगळं उभं आहे ते तपकिरी सागरी शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटवर. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी 1881 च्या सुमारास ते शेवाळातून वेगळं काढलं. अल्जिनेटपासून नकली चेरी बनवण्याची पद्धत तर 1940 च्या दशकातच शोधली गेली होती. आद्रियांनी कारखान्यातली ही युक्ती थेट ताटात आणली.

कृती सोपी आहे. रसात साधारण अर्धा टक्का सोडियम अल्जिनेट मिसळायचं आणि त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवतो आणि काही सेकंदांत त्याच्याभोवती पापुद्रा धरतो. का धरतो?

अल्जिनेट म्हणजे शर्करेपासून बनलेल्या आम्लांची लांबच लांब साखळी. तिच्यात दोनच प्रकारचे दुवे असतात: मॅन्युरोनिक आम्ल आणि ग्युलुरोनिक आम्ल. त्यांना आपण ‘एम’ आणि ‘जी’ म्हणू. दोघांतले अणू तेच आणि तितकेच. फरक फक्त पाचव्या कार्बनाजवळच्या रचनेच्या दिशेचा. पण तेवढ्यानेच ‘एम’चा पट्टा सपाट फितीसारखा राहतो, तर ‘जी’च्या पट्ट्याला घड्या पडतात आणि घडीगणिक एक खोलगट जागा तयार होते. शेवाळ आधी सगळी साखळी निव्वळ ‘एम’ची विणतं, आणि मग एक विकर (एन्झाइम) त्या तयार साखळीवर काम करत काही ‘एम’ उलटवून त्यांचे ‘जी’ करतं. विणून झालेल्या वस्त्राची वीण नंतर बदलावी, तसं हे आहे. लाटांचा मार सोसणारं शेवाळ ताठ हवं की लवचीक, हे बरंचसं या अदलाबदलीवर ठरतं.

प्रत्येक दुव्यावर एक ऋण प्रभार असतो. सोडियमच्या आयनावर, म्हणजे प्रभार असलेल्या अणूवर, एकच धन प्रभार असल्यामुळे तो एका साखळीपुरताच राहतो आणि साखळ्या पाण्यात सुट्या तरंगतात. कॅल्शियमवर दोन धन प्रभार. तो एका साखळीच्या खोलगट जागेत बसतो आणि समोरची दुसरी साखळीही त्याच्यावर येऊन बसते. शेजारच्या खोलग्यांतही असेच कॅल्शियम आयन बसत जातात आणि दोन साखळ्या एकमेकींना घट्ट जोडल्या जातात. 1973 साली मांडल्या गेलेल्या या कल्पनेला ‘एग-बॉक्स’ (अंड्यांचा खोका) प्रारूप म्हणतात. अशा लक्षावधी सांध्यांचं जाळं तयार होतं आणि त्यात पाणी अडकून पडतं. तोच पापुद्रा.

खरी मेख पुढेच आहे. कॅल्शियमचे आयन छोटे असल्यामुळे ते तयार झालेल्या पापुद्र्यातून आत झिरपत राहतात. विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) नियमानुसार पापुद्रा दुप्पट जाड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, पण तो थांबत नाही. मणी पाण्यात धुऊन काढला, तरी पापुद्र्यातलं जास्तीचं कॅल्शियम आत सरकत जातं आणि थोड्या वेळाने रसाच्या जागी घट्ट गोळी उरते. म्हणून हे मणी लगेच वाढावे लागत. त्यात रस फार आंबट असला, तर अल्जिनेट अल्जिनिक आम्ल होऊन साकळतं आणि सगळंच फसतं.

ऑलिव्हसाठी मग उलटी वाट धरली गेली: कॅल्शियम रसात आणि अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. अल्जिनेटचे रेणू इतके लांबलचक, की ते पापुद्र्यातून आत शिरूच शकत नाहीत. कॅल्शियम बाहेर येतं आणि पापुद्रा बाहेरच्या दिशेने वाढतो. मणी अल्जिनेटमधून काढून धुतला की वाढ संपली, आतला रस पातळच. कॅल्शियम क्लोराइड कडवट लागतं, म्हणून रसात कॅल्शियमचे ग्लुकोनेट किंवा लॅक्टेट क्षार घालतात. नुसती बाजू बदलून इतका फरक पडावा, याचा मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

‘हे रसायन घातलेलं जेवण’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की दंतवैद्य दातांचं माप घेताना तोंडात भरतात ती गुलाबी पेस्टही बहुधा अल्जिनेटच असते. तिच्यातलं कॅल्शियम सल्फेट हळूहळू विरघळतं, त्यामुळे घट्ट होण्याआधी डॉक्टरांना ती नीट बसवायला वेळ मिळतो. जखमेवरच्या काही पट्ट्याही कॅल्शियम अल्जिनेटच्या असतात.

आणि एल बुलीच्या कितीतरी आधी, 1980 मध्ये, फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन या संशोधकांनी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या सूक्ष्म मण्यांत बंद करून मधुमेही उंदरांच्या शरीरात ठेवल्या. मण्यांवर पॉलिलायसीनचा, म्हणजे लायसीन या अमिनो आम्लाच्या साखळ्यांचा, थर होता. त्यातून ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत जाऊ शकत होते, इन्सुलिन बाहेर येऊ शकत होतं, पण शरीराच्या संरक्षक पेशींना आत वाट नव्हती. उंदरांची रक्तशर्करा दोन ते तीन आठवडे नियंत्रणात राहिली. अडचण अशी, की शरीर कालांतराने मण्यांभोवती तंतूंचं आवरण चढवतं आणि आतल्या पेशी गुदमरतात. हे आवरण चढू नये म्हणून अल्जिनेटच्या रेणूत काय बदल करावेत, यावर आजही काम चालू आहे.