‘पूण तांचें अडलें खंय?’ : एका रोमँटिक कॉमेडीवरून पडलेल्या तटांची पार्श्वभूमी

रविवारी रात्री पणजीतल्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडलो तेव्हा आमच्या गाडीत दोन पक्ष झाले होते. पुढे माझी आत्ये, वय ७४, राहणारी माशेलची. मागे माझी मुलगी, वय २२. बघून आलो होतो एक मराठी रोमँटिक कॉमेडी. पुण्याचा मुलगा, मुंबईची मुलगी, मैत्रिणीच्या लग्नासाठी गोव्यात चार दिवस. आधी भांडण, मग प्रेम, मग एका फोनने मिटला असता असा गैरसमज, आणि शेवटी समुद्रकाठी मिठी. रायबंदरच्या रस्त्याला लागेपर्यंत आत्ये गप्प होती. मग म्हणाली, ‘‘पूण तांचें अडलें खंय?’’ पण त्यांचं अडलं कुठे?

‘‘अडायलाच कशाला हवं गं आजी?’’ मागून मुलगी म्हणाली. ‘‘दोघं फिरत होती, बोलत होती, बघायला छान वाटत होतं. मला आवडला.’’

पुढच्या आठवड्यात हेच भांडण मी आणखी तीन ठिकाणी ऐकलं. नातेवाइकांत, कचेरीत, बाजारात मासळी घेताना. एक पक्ष म्हणतो सिनेमात काही घडतच नाही. दुसरा म्हणतो दोन घटका बरं वाटलं, आणखी काय पाहिजे? तिसरा पक्ष लहान आहे, पण त्याची तक्रार मला सगळ्यांत खोल वाटते. तिच्याकडे शेवटी येतो. मी स्वतः आत्येच्या बाजूचा. सिनेमा फसलाच आहे. पण ही मतं आजची नाहीत, आणि नुसत्या वयाचीही नाहीत. आत्येच्या त्या एका प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत प्रेम आणि हसू एकत्र बांधण्याची कला सिनेमाने शोधली नाही, ती नाटकातून आली. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. मूळ बीज फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनाचं. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं आणि तिथून देवलांनी ते आपल्याकडे आणलं. पुढे त्यात पदं घालून १९१६ मध्ये ते गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आणलं. गोव्यात हे नाटक किती वेळा झालं असेल याची गणती नाही. इथल्या देवळांच्या उत्सवात, जत्रेत गावातलीच मंडळी नाटक करतात. दुकानदार, शिक्षक, बँकेतला कारकून संध्याकाळी तालमीला बसतात आणि उत्सवाच्या रात्री मंडपात उभे राहतात. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, पुढे तिच्या मराठी नाट्यस्पर्धा सुरू झाल्या, आणि या हौसेला वर्षभराचं वेळापत्रक मिळालं.

दोन वर्षांपूर्वी माशेललाच एका उत्सवात मी ‘संशयकल्लोळ’ पाहिलं. मध्यरात्र उलटून गेलेली. फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हातात कुण्या परक्या पुरुषाची तसबीर, आणि म्हातारा मागून पावलं न वाजवता येतोय. फाल्गुनरावाचं काम करणारा माणूस एक पाय उचलून तसाच थांबला. नुसता थांबला. मंडपातल्या बायका पोटाला हात लावून हसत होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या एका पोराने न राहवून ओरडून कृत्तिकेला सावध केलं. एकही शब्द न बोलता त्या माणसाने अख्खा मंडप हातात धरला होता.

तसबीर रस्त्यात पडते, ती एकीला सापडते, तिच्या हातात ती नवऱ्याला दिसते, आणि तिकडे अश्विनशेठ आपल्या रेवतीवर संशय घेऊ लागतो. प्रत्येकाला शंका यायला खरं कारण आहे. कुणीही मूर्ख नाही, प्रत्येकाने डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं आहे. म्हणून हसू येतं, आणि अश्विनशेठ-रेवती एकत्र येतात तेव्हा जीव भांड्यात पडतो.

रेवती नायकिणीची मुलगी आहे, ही गोष्ट गोव्यात जरा जास्त खोल ऐकू जाते. गायन आणि रंगभूमीला या भूमीने दिलेल्या मोठ्या कलावतींपैकी कितीतरी जणी कलावंत घराण्यांतल्या, म्हणजे देवळांत गाणं-नाच करणाऱ्या बायकांच्या घरांतल्या. बांदिवड्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त उभ्या राहिल्या आणि १९४२ मध्ये ‘कुलवधू’त. प्रतिष्ठित घरात अशा मुलीला जागा मिळेल का, हा प्रश्न इथल्या मंडपात बसलेल्या अनेकांच्या घरातला होता. रेवतीचं लग्न जमतं तेव्हा टाळ्या का पडतात, हे मला आत्येकडे बघून कळलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

तेव्हा ‘अडलें खंय’ म्हणजे आत्येला हाणामारी, रडारड किंवा खलनायक हवा आहे असं नाही. दोन माणसं एकत्र येण्यात काहीतरी खरं आडवं आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. जुन्या मराठी प्रेमकथा आणि सुखात्मिका ओळीने लावून पाहिल्या तर तो आडवा येणारा दगड दर पिढीला बदलत गेलेला दिसतो. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’मध्ये तो पैशाचा आणि मानाचा आहे: श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला नाकारते आणि मग वनमाला होऊन त्याच्याच प्रेमात पडते. अत्र्यांनी लिहिलेल्या, मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) नायकाने स्वतःच घेतलेलं व्रत आडवं येतं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हणत आल्या आणि सोवळ्या मंडळींत खळबळ उडाली. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) मुलीचा बाप लाख रुपये महिन्याभरात उडवून दाखवायची अट घालतो.

मग आली जागा. ‘मुंबईचा जावई’ (१९७०) मध्ये लग्न झालेलं आहे, प्रेमही आहे, फक्त चाळीच्या खोलीत दोघांना एकांत नाही. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये भाड्याची खोली मिळावी म्हणून दोन पुरुषांना बायका व्हावं लागतं. ती कल्पनाही १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी सिनेमातून आलेली, पण मराठीत ती इतकी मुरली की तिचे संवाद आमच्या घरात म्हणींसारखे वापरले जातात. मोठ्या वाड्यांच्या गोव्यात मुंबईच्या खोलीचं दुःख का भिडावं? प्रत्येक वाड्यातून एक तरी माणूस मुंबईत नोकरीला गेलेला होता आणि तिथल्या खोल्यांत दाटीने राहत होता, म्हणून. आत्येचा नवरा त्यांपैकीच.

दुसरा पक्ष, म्हणजे माझी मुलगी, वेगळ्या शाळेत शिकलेला आहे. तिची शाळा २०१० ला सुरू झाली. सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आला, तेव्हा ती पहिलीतही गेली नव्हती. पण पुढे घरच्या टीव्हीवर तिने तो इतक्यांदा पाहिला की पाठ आहे. एक मुलगी, एक मुलगा, एक दिवस, पुण्याचे रस्ते. पात्रांना नावंसुद्धा नाहीत. बाप आडवा नाही, पैसा आडवा नाही, जात नाही, जागा नाही. मुलगी स्थळ नाकारायला आली आहे, एवढंच. आडवं येतं ते दोघांच्या आतलं काहीतरी: ताठा, आधीची दुखावलेली जागा, मुंबई आणि पुणे यांचा एकमेकांबद्दलचा आकस. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या बोलण्यातून ते हळूहळू सुटत जातं. मला वाटतं मराठी रोमँटिक कॉमेडीचा खरा वळणबिंदू हाच. बाहेरचा दगड काढून टाकला तरी सिनेमा उभा राहू शकतो, हे त्याने दाखवलं. मात्र त्यासाठी सगळा भार संवादावर येतो. वाक्य पडलं की सिनेमा पडला.

पुढे ज्यांनी हा मार्ग धरला त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन माणसं घेतली, फिरणं घेतलं, सुंदर ठिकाण घेतलं, आणि बोलणं मात्र मागे ठेवलं. त्यात २०१६ ला ‘सैराट’ आला. जात अजून किती आडवी येते आणि ती जीव कसा घेते, हे त्याने दाखवलं. त्यानंतर हलक्याफुलक्या प्रेमकथेला गावात, चाळीत, वाड्यात उभं राहायची भीतीच वाटू लागली असावी. खऱ्या घरात शिरलं की खरा अडथळा येणार. मग गोष्ट हॉटेलात न्यायची, परदेशात न्यायची, जिथे कुणाची आई नाही, शेजारी नाही, आडनाव विचारणारं कुणी नाही. माझ्या मुलीला अशा सिनेमात जे ‘छान वाटतं’ ते मी खोटं म्हणत नाही. दिवसभर नोकरीच्या अर्जांची उत्तरं येत नाहीत, घरी येऊन बातम्या बघवत नाहीत. अशा वेळी दोन देखणी माणसं दोन तास काही न बिघडता हिंडताना बघावीशी वाटणं मला समजतं. पण तिच्याच शाळेच्या मापाने मोजलं तरी हा सिनेमा नापास होतो. परवा मी तिला विचारलं, ‘‘त्यातलं एक वाक्य आठवतं?’’ बराच वेळ विचार करून ती म्हणाली, ‘‘गाणं आठवतं.’’

आता तिसरी तक्रार. ती सिनेमातल्या गोव्याबद्दलची आहे.

गोव्याला स्वतःची प्रेमकथा नव्हती असं नाही. पहिला कोकणी सिनेमा ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० ला प्रदर्शित झाला आणि त्याच्या नावातच मोग, म्हणजे प्रेम आहे. त्याच्याही आधी आमच्याकडे देखणी, म्हणजे कोकणी गाण्या-नाचाचा एक प्रकार, होती. ‘हांव सायबा पलतडी वयता’ घ्या. दामूच्या लग्नाला जायला निघालेली नाचणारी मुलगी नदीकाठी अडली आहे आणि पलीकडे नेण्यासाठी ती होडीवाल्याला अंगावरचे दागिने देऊ करते. तो नको म्हणतो, ती ‘घे घे’ म्हणते. चार ओळींत नदी आडवी आहे, पैंजण आहेत, लटकं भांडण आहे. १९७३ च्या ‘बॉबी’त हेच ‘घे घे घे रे सायबा’ घेतलं गेलं आणि देशभर वाजलं. पण त्याच सिनेमाने गोव्याचा कोळी ब्रागांझा, त्याची बाटली आणि त्याची मोकळीढाकळी मुलगी हे चित्रही पक्कं केलं. त्यापुढे पडद्यावरचा गोवा म्हणजे समुद्र, दारू आणि मधेच एखादं चर्च. फोंड्याची देवळं, डिचोलीचा बाजार, सत्तरीचे डोंगर, सुपारी-नारळाची कुळागरं यांतलं काही दिसेल तर शपथ.

मराठी सिनेमाकडून आमची अपेक्षा वेगळी होती, कारण तो परका नव्हता. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. वर्षा उसगांवकर आमच्याच. १९८७ च्या ‘गंमत जंमत’मधून त्या मराठी पडद्यावर आल्या तेव्हा इथे घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ हे दैनिक सुरू झाल्यापासून रोज सकाळी मराठी वाचायची, घरात कोकणी बोलायची आणि रात्री मंडपात देवल-गडकरी ऐकायचे, असं इथे पिढ्यांनी केलं आहे. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला आला आणि त्याच निमित्ताने मल्टिप्लेक्सही. विन्सन ग्राफिक्सने सुरू केलेल्या मराठी चित्रपट महोत्सवाला लोक सकाळी नऊच्या खेळालाही गर्दी करतात. इतकं मन लावून बघणाऱ्या माणसांच्या गावात येऊन चार दिवसांची गोष्ट सांगायची आणि त्यात एकाही गोंयकाराला गोष्टीत जागा द्यायची नाही, याचं वाईट वाटतं. राग नव्हे, वाईटच.

त्या रात्री बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत दोघींचा वाद चालू होता. मग आत्ये एकदम म्हणाली, ‘‘तो हॉटेलातलो वेटर पळयलो मगो?’’

मला वेटर आठवेना. मुलीला आठवला. काळा कोट घातलेला, पन्नाशीचा, तीन वेळा येतो. दोनदा ‘वेलकम सर’ म्हणतो आणि एकदा नायकाची बॅग उचलून चुकीच्या खोलीत नेतो.

‘‘आमचो फाल्गुनराव तो,’’ आत्ये म्हणाली. ‘‘गेल्या फावट मंडपांत केल्लो न्ही?’’

मी गाडी हळू केली. एक पाय उचलून थांबलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला. त्या बॅगेच्या प्रसंगातही तो दाराशी क्षणभर तसाच थांबला होता, पण कॅमेरा तोवर नायकाकडे वळलेला. मागच्या सीटवर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. माशेलच्या तिठ्यावर तिने विचारलं, ‘‘आजी, यंदा उत्सव कधी आहे?’’