वाळूला थोडं मळू द्या

घरी पोहण्याचा तलाव असणाऱ्या अनेकांची एक ठाम समजूत असते, की फिल्टर जितक्या वेळा धुवाल तितकं पाणी स्वच्छ. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळूची धुलाई, होतो, तरीही पाणी धुरकटच. मग दोष क्लोरिनला, पंपाला नाहीतर वाळूच्या दर्जाला जातो. फिल्टर गरजेपेक्षा जास्त धुतला जातोय, हे कारण सहसा कुणाला सुचत नाही.

ही समजूत येते ती फिल्टर म्हणजे चाळणी असं मानल्यामुळे. जरा हिशेब करून बघू. या फिल्टरांत साधारण ०.५ मिलिमीटरची वाळू असते. असे तीन गोल कण एकमेकांना टेकवले, तर मधल्या फटीतून ७७ मायक्रॉन व्यासाची गोळी आरपार जाईल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे वाळू नुसती चाळणी असती, तर केसाच्या जाडीचा मळही तिच्यातून निसटला असता. प्रत्यक्षात ती २० ते ४० मायक्रॉनचे कण अडवते, आणि त्याहून बारीकही थोडेफार पकडते. ते कसं, हाच या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग आहे.

पाणी वाळूच्या कणाला वळसा घालून पुढे जातं, पण त्यातला मळ दर वेळी तसा वळत नाही. जड कण वाटेतच वाळूच्या पाठीवर बसतात. काही कण पाण्याबरोबर वळतात, पण इतक्या जवळून की वाळूला घासले जातात. मायक्रॉनहून लहान कणांना तर पाण्याचे रेणू सतत चहूबाजूंनी धक्के देत असतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली थरथर ती हीच. तिच्यामुळे भरकटत ते वाळूला जाऊन भिडतात. भिडायला जागाही भरपूर असते. शंभर किलो वाळूच्या कणांचं एकूण पृष्ठफळ सुमारे ४५० चौरस मीटर, म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाहून जास्त.

आता चिकटण्याचं बघू. पाण्यात वाळूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि बहुतेक मळावरही तोच, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर ढकलतात. पण पाण्यात विरघळलेले कॅल्शियमसारखे धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले अणू, पृष्ठभागाभोवती गोळा होतात आणि या ढकलण्याचा पल्ला काही नॅनोमीटरवर आणतात. तेवढ्या अंतरावर व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधली क्षीण ओढ, वरचढ ठरतं आणि कण चिकटतो. एकदा चिकटलेला मळ स्वतःच पुढच्या मळाला पकडू लागतो. त्याचे उंचवटे प्रवाहात पुढे आलेले असतात, फटी अरुंद झालेल्या असतात. म्हणून थोडी मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगलं गाळते, आणि दर दोन दिवसांनी बॅकवॉश करणारा माणूस नेमकी ही कमाईच गटारात सोडतो.

या साऱ्यातून सर्वांत सहज निसटतात ते एक मायक्रॉनच्या आसपासचे कण. खाली बसायला ते हलके आणि भरकटायला जड. नेमके बरेचसे जिवाणू याच मापाचे असतात, म्हणून फिल्टर कितीही चांगला असला तरी क्लोरिन टाळता येत नाही. पाइपाभोवती चुंबक बांधून किंवा पाणी ‘ऊर्जाभारित’ करून फिल्टर आणि क्लोरिन दोन्हींपासून सुटका करून देणारी उपकरणं विकली जातात. त्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. मळ पाण्यातून जायचा तर तो कशावर तरी अडकलाच पाहिजे.

मग धुवायचं कधी? ते प्रेशर गेज सांगतो. नुकत्या धुतलेल्या फिल्टरवरचा दाब लिहून ठेवा. काटा त्याच्या ८ ते १० पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) वर गेला, की बॅकवॉश करा. व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद केलाच पाहिजे, नाहीतर आतलं रबरी सील फाटतं. बॅकवॉशमध्ये पाणी खालून वर येतं, वाळूचा थर उचलला जातो, कण एकमेकांवर घासतात आणि मळ सुटतो. काचेच्या छोट्या खिडकीतलं पाणी आधी चहाच्या रंगाचं दिसतं, दोन-तीन मिनिटांत नितळ होतं. त्यानंतर अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’ करा, म्हणजे पाणी नेहमीच्या दिशेने वाळूतून नेऊन गटारात सोडा, नाहीतर सुटलेला मळ तलावातच परत येतो.

दाब वाढलेला नाही, तरी पाणी गढूळच, असं असेल तर वाळू तेलाने आणि क्षारांनी घट्ट होऊन पाण्याने मधूनच वाट काढली असण्याची शक्यता असते. झाकण उघडून वाळू हाताने चाचपा, गोळे लागले तर ती बदला. तलावाच्या तळाशी वाळू दिसू लागली, तर फिल्टरच्या तळातली जाळीदार नळी तुटली असं समजा.

कार्ट्रिज फिल्टरची गोष्ट वेगळी. तिथे घड्या घातलेलं पॉलिस्टरचं कापड असतं. ते साध्या नळीने वरून खाली, घडी न् घडी धुवायचं. प्रेशर वॉशरने धागे फाटतात. कापड तेलकट झालं असेल तर आधी तेल काढणाऱ्या द्रावणात भिजवा आणि मगच, क्षार बसले असतील तर, सौम्य आम्लात. उलट क्रमाने केलं तर तेल धाग्यांत पक्कं बसतं. हे आम्ल क्लोरिनच्या डब्याजवळ ठेवूसुद्धा नका, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो.