रशियन गुन्हेगारी कादंबरी घरी नेण्यापूर्वी
(वाचनालयाच्या सभासदांसाठी)

‘खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय, आता पुढे काय वाचायचं?’ असं म्हणून ‘क्राइम अँड पनिशमेंट’ बदलून मागितलं जातं. दस्तयेव्हस्कीची १८६६ सालची ही कादंबरी आहेच तशी. खून पहिल्या भागात, वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. पुढच्या पाच भागांत खुनी आतून कसा पोखरत जातो ते येतं, आणि हाती ठोस पुरावा नसताना पोर्फिरी पेत्रोविच हा तपास अधिकारी तीन भेटींत त्याला कसं घेरतो तेही. या भेटी सावकाश वाचा. सगळी गंमत तिथे आहे.

पण पुस्तक अर्ध्यातून परत येतं ते बहुतेक वेळा नावांमुळे. एकाच माणसाला तीन माणसं समजलं की पन्नास पानांत गोंधळ ठरलेला. रशियन नावातही आपल्यासारखंच मध्ये वडिलांचं नाव असतं. मुलाला ‘-ओविच’ किंवा ‘-एविच’, मुलीला ‘-ओव्हना’ किंवा ‘-एव्हना’ जोडून. आदराने हाक मारताना आडनाव गळतं आणि नाव व वडिलांचं नाव राहतं. घरातली हाक आणखी निराळी. म्हणून कादंबरीतला खुनी रास्कोल्निकोव्ह, रोदिओन रोमानोविच आणि रोद्या हा एकच इसम. अवदोत्या रोमानोव्हना म्हणजेच दुन्या. मधला ‘रोमान’ पाहिलात तर ती त्याची बहीण हे लगेच ध्यानात येईल. पोर्फिरीचं आडनाव शोधायला मागची पानं चाळू नका, लेखकाने ते दिलेलंच नाही.

यासाठी प्रत्येक रशियन कादंबरीत आम्ही नावांची चिठ्ठी ठेवतो. खूण म्हणून खुशाल वापरा, पण पुस्तकासोबत परत करा. चिठ्ठी हरवली की पुढचा वाचक समासात पेनाने नावं लिहितो आणि अनामत कापण्याची वेळ येते. ‘चिठ्ठीवर कोण कसा ते का लिहीत नाही?’ असंही विचारतात. लिहिलं तर कथा फुटेल. तेवढं कोरं मुद्दाम ठेवलंय.

खुनी शेवटपर्यंत दडलेलाच हवा असेल तर बोरिस अकुनिन यांची फांदोरिन या गुप्तहेराची मालिका मागा. ‘अझाझेल’ आणि ‘द विंटर क्वीन’ हे एकच पुस्तक आहे, दोन्ही नावांनी नोंदवू नका. सुरुवात त्यानेच करा; ऐन तारुण्यात फांदोरिनची कानशिलं पांढरी का, हे त्याशिवाय कळणार नाही. मग ‘द टर्किश गॅम्बिट’, मग कलकत्त्याला निघालेल्या जहाजावरचं ‘मर्डर ऑन द लेव्हायथन’.

‘गॉर्की पार्क’ या कपाटात सापडणार नाही. गोष्ट मॉस्कोची असली तरी लेखक अमेरिकी, त्यामुळे ते इंग्रजी रहस्यकथांत लावलंय. फांदोरिनची तिन्ही एकदम नेलीत तर परतीची मुदत वाढवून मिळेल.