कार्यालय बंद, मीटर चालू

सरकारी कार्यालयात वीज कधी जास्त जळते, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: भर दुपारी, सगळे एसी चालू असताना. मासोसो आणि ग्रोबलर या संशोधकांनी बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सहा व्यावसायिक इमारतींचं ऊर्जा-ऑडिट केलं आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. कामाच्या वेळेत 44 टक्के वीज आणि कार्यालय बंद असताना 56 टक्के! मोठं कारण म्हणजे संध्याकाळी घरी जाताना चालूच राहिलेले दिवे आणि उपकरणं.

आकडा अतिशयोक्त वाटेल, पण हिशेब करून पाहा. आठवड्याचे तास 168. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. साफसफाई धरून रोजचे 9 तास म्हटले तरी कामाचे तास 45 आणि कुलपाचे 123. दिवसा 100 किलोवॉट घेणाऱ्या इमारतीत रात्री आणि सुट्टीला 40 किलोवॉट चालू राहिले, तर आठवड्यात कामाच्या वेळेचे 4,500 युनिट आणि बंद वेळेचे 4,920. सर्व्हर रूम आणि तिचा एसी, वॉटर कूलर, यूपीएस, जिन्यातले दिवे, स्टँडबायवरचे प्रिंटर असं करत हा भार साचतो. यातलं काही चालू राहायलाच हवं. कोणतं, हे बहुतेक इमारतींत कुणी ठरवलेलंच नसतं.

महिन्याच्या बिलात हे दिसत नाही, कारण तिथे शेवटी एकच बेरीज येते. मोठ्या जोडणीचा मीटर मात्र दर 15 किंवा 30 मिनिटांचा भार टिपून ठेवतो. त्याचा आलेख काढला की इमारतीची दिनचर्या उघडी पडते. मी कुठल्याही आलेखात आधी रविवारी पहाटे तीनची रेघ बघेन. त्या वेळी माणूस नसतो, म्हणजे जी वीज जाते ती निव्वळ इमारतीची सवय. मजल्यागणिक, निदान एसी, दिवे आणि लिफ्ट यांना वेगळे सबमीटर असले, तर ही सवय नेमकी कुठली तेही कळतं.

आता माणसांकडे वळू. 1970च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये हंट नावाच्या संशोधकाने खोल्यांतल्या दिव्यांचं निरीक्षण केलं. लोक दिवा लावायचा की नाही ते खोलीत शिरतानाच ठरवतात. एकदा लावला की बाहेर लख्ख ऊन पडलं तरी तो तसाच राहतो. बंद होतो शेवटचा माणूस निघाल्यावर, झालाच तर. हा निव्वळ आळस आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडचा एखादा मोठा हॉल डोळ्यांसमोर आणा. दाराशी बारा बटणांचा बोर्ड, एकावरही नाव नाही. खिडकीजवळची ट्यूब बंद करायला जावं तर आस्थापना शाखेचे पंखे बंद पडतात आणि चार माना वर होतात. पुन्हा त्या बोर्डाला हात कोण लावेल?

मग यंत्रावर सोपवायचं ठरतं. छतातला पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. फायलीत डोकं घालून निश्चल बसलेला कारकून त्याला दिसत नाही, दिवे जातात आणि बिचाऱ्याला हवेत हात हलवावे लागतात. दोन-चारदा असं झालं की त्या सेन्सरवर चिकटपट्टी बसलीच म्हणून समजा. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर अशा ठिकाणी जास्त शहाणा. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. भरल्या बैठकीत तो सहज हजारावर जातो. खोलीत किती माणसं असावीत याचा अंदाज येतो, कोण आहे ते कळत नाही. हा फरक महत्त्वाचा. 2016 मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफने ऊर्जाबचतीचं कारण देऊन पत्रकारांच्या टेबलांखाली सेन्सर बसवले. ही हजेरी की बचत, असा गदारोळ उठला आणि ते लगेच काढावे लागले.

राहिला एसी. 2020 पासून भारतात नवा रूम एसी सुरू करताच 24 अंशांवर येतो. पुढे रिमोट ज्याच्या हाती, त्याचं राज्य. पण आपल्याला इतका गारवा खरंच लागतो का? अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच शहरांतल्या 16 कार्यालयांत 6,330 उत्तरं गोळा केली गेली. त्यातून निघालेल्या सूत्रानुसार, बाहेरचं महिन्याभराचं सरासरी तापमान 30 अंश असेल, तर खिडक्या उघड्या असणाऱ्या इमारतीत माणसाला 29 अंशांच्या आसपासही बरं वाटतं. अंगावर वारा येत असेल तर उकाडा आणखी सोसतो. जुना छतपंखा साधारण 75 वॉट घेतो, दीड टनाचा एसी त्याच्या वीसेक पट. पंखा चालू ठेवून एसी दोन अंश वर नेणं म्हणूनच परवडतं. फॉल्स सीलिंग बसवताना पंखेच काढून टाकलेल्या कार्यालयात मात्र रिमोटचं बटण खाली दाबण्याशिवाय कुणाच्या हातात काही उरत नाही.