दुसऱ्या खेळाडूला गोष्टीत जागा कशी मिळाली

'इट टेक्स टू' किंवा 'स्प्लिट फिक्शन' हे व्हिडिओ गेम एकट्याने खेळताच येत नाहीत. दुसरा माणूस हवाच, मग तो शेजारी बसलेला असो की इंटरनेटवरून जोडलेला. दोघांनी मिळून खेळायचे गेम चाळीस वर्षांहून जुने आहेत, पण त्यातली बरीचशी वर्षं गोष्ट एकाचीच असायची आणि दुसरा नुसता जोडीला असायचा.

कोनामीचा 'काँट्रा' १९८७ साली आर्केडमध्ये आला आणि पुढच्या वर्षी निंटेंडोच्या घरगुती कन्सोलवर. महाराष्ट्रातल्या घरांत तो शिरला नव्वदच्या दशकात, नकली कन्सोल आणि 'अमुक इन वन' लिहिलेल्या कॅसेटींमधून. त्याची धबधब्याची लेव्हल खेळलेल्यांना आठवत असेल. स्क्रीन वर चढणाऱ्याबरोबर सरकायची आणि खाली रेंगाळलेला कडेबाहेर गेला की त्याची एक लाइफ गेली. दोघांना मिळून कॅमेरा एकच, त्यामुळे घाई करणारा जोडीदार शत्रूइतकाच घातक. वर आपल्या लाइफ संपल्या की बटण दाबून जोडीदाराची उचलता यायची, म्हणजे भांडणाची सोय गेममध्येच. गोष्ट मात्र नावापुरती.

२००१ च्या 'हेलो'ने स्क्रीन दुभागून कॅमेऱ्याचा प्रश्न सोडवला. गोष्टीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दोघं खेळायला बसले की दोन हुबेहूब मास्टर चीफ, म्हणजे गेमचा नायकच, दिसायचे, आणि गोष्ट सांगणारा मधला प्रसंग सुरू झाला की त्यातला एक गायब! गोष्टीच्या लेखी दुसरा नव्हताच. २००७ च्या 'हेलो ३'मध्ये दुसऱ्या खेळाडूला आर्बिटर हे पात्र मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी 'गिअर्स ऑफ वॉर'ने मार्कस आणि डॉम अशी जोडीच दिली होती. काही ठिकाणी वाट फुटायची. एक इकडून, दुसरा तिकडून. तरी दोघांच्या हातातलं काम सारखंच होतं, गोळ्या घालण्याचं.

कामाची खरी वाटणी शिकवली 'पोर्टल २'ने, २०११ मध्ये. त्यातली दोघांची मोहीम एकट्याच्या गोष्टीपेक्षा वेगळी लिहिलेली आहे. अ‍ॅटलस आणि पी-बॉडी हे दोन यंत्रमानव तिचे नायक. प्रत्येकाकडे स्वतःच्या रंगांची पोर्टलची जोडी (पोर्टल म्हणजे भिंतीवर उघडायचं दार, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर), त्यामुळे कोडी चार पोर्टलच्या हिशेबाने रचलेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खुणेचं बटण. भिंतीवर खूण करून 'इथे पोर्टल टाक' असं सांगता येतं आणि तीन-दोन-एक मोजून दोघांना एकदम हालचाल करता येते. बोलणं नीट होत नसेल तर सहकार्य कोलमडतं, हे या गेमने ओळखलं होतं.

दरम्यान एका टीव्हीसमोर बसून खेळणं मागे पडत चाललं होतं. स्क्रीन दुभागली की तेच जग दोन कोनांतून दोनदा काढावं लागतं आणि यंत्रावरचा भार जवळपास दुप्पट होतो. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) टिकवायच्या म्हणून २०१५ च्या 'हेलो ५'ने स्प्लिट स्क्रीनच काढून टाकली. चाहते चिडले, आणि ते रास्तच होतं.

याच सुमारास योसेफ फारेस हा स्वीडनमधला, बैरुतमध्ये जन्मलेला चित्रपट दिग्दर्शक गेमकडे वळला होता. त्याचा २०१३ चा 'ब्रदर्स' एकट्याने खेळायचा, पण कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवर मोठा भाऊ आणि उजव्या स्टिकवर धाकटा. २०१४ मध्ये स्टॉकहोममध्ये त्याचा हेझलाइट स्टुडिओ उभा राहिला आणि मार्च २०१८ मध्ये 'अ वे आउट' आला. तुरुंगातून पळणारे लिओ आणि व्हिन्सेंट. एक कोठडीची भिंत पोखरतो, दुसरा पहारेकऱ्यावर नजर ठेवतो. उभ्या बोगद्यातून पाठीला पाठ लावून चढताना दोघांनी बटण एकदम दाबायचं. एकाने घाई केली की घसरलेच. या गेमचा सगळ्यात धाडसी निर्णय असा की ऑनलाइन खेळतानाही स्क्रीन दुभागलेलीच राहते. मित्र दुसऱ्या शहरात असला तरी तो काय करतोय ते दिसतं, आणि प्रसंगाच्या वजनाप्रमाणे कधी याची, कधी त्याची चौकट मोठी होते.

दुसरी अडचण पैशांची होती. एका गोष्टीसाठी दोन प्रती कोण घेणार? हेझलाइटने एकाच खरेदीत दोघांची सोय केली. 'इट टेक्स टू'मध्ये (मार्च २०२१) तिला 'फ्रेंड्स पास' म्हणतात. मित्राने तो स्टोअरवरून फुकट उतरवायचा, ईए या प्रकाशक कंपनीच्या खात्यात शिरायचं आणि गेम विकत घेतलेल्याने आमंत्रण पाठवायचं. घोळ होतो तो इथे: नुसत्या पासवर आपण होऊन गेम सुरू करता येत नाही, आणि प्लेस्टेशनवाला एक्सबॉक्सवाल्याशी जोडला जात नाही. पीसीवर शेजारी बसून खेळायचं तर निदान एक कंट्रोलर लागतोच.

कामाची वाटणी मात्र 'इट टेक्स टू'मध्ये पूर्णत्वाला गेली. कोडी आणि मे हे नवरा-बायको त्यातली दोन पात्रं. वखारीत कोडीकडे खिळे, मेकडे हातोडी. त्याने भिंतीत खिळा मारल्याशिवाय तिला झोका घेता येत नाही. झाडावर तो ज्वालाग्राही डिंक फवारतो, ती काडी पेटवून मारते. प्रकरण बदललं की हत्यारंही बदलतात, त्यामुळे सरावलेल्याचा वरचष्मा फार वेळ टिकत नाही. पडलं-मेलं तरी क्षणात परत उभं राहता येतं. मोठ्या लढाईत मात्र दोघं एकाच वेळी मेले तर मागच्या टप्प्यावरून सुरुवात. नवखा अडतो तो बहुधा एका अंगठ्याने चालणं आणि दुसऱ्याने कॅमेरा फिरवणं एकदम करताना. म्हणून पहिल्या प्रकरणात त्याला मोकळं हुंदडू द्यावं, घाई करू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये हा वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. मार्च २०२५ च्या 'स्प्लिट फिक्शन'ने राहिलेली भिंतही पाडली: पीसी, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवाले आता आपसात खेळू शकतात, पास असलेला मित्र वेगळ्या यंत्रावर असला तरी.